अवसेचा अर्धा दिवस

हिशेबच मांडायचा तर सावळीराम अण्णांना मिळणार होता अर्धा दिवस. बुधवारची सकाळ, आठ ते पावणेबारा. जास्त नाही, कमी नाही. पण त्या अर्ध्या दिवसावर बरंच काही टांगलेलं होतं. स्वयंपाकघराचा ओटा गुरुवारी बसला, तर शुक्रवारी सिंक आणि सांधे, शनिवारी वाळवण, आणि रविवारी लेकीच्या, वेदिकाच्या, डोहाळजेवणाचं पुरण नव्या ओट्यावर शिजणार. नाही बसला, तर ते शिजणार पोर्चमध्ये, तीन विटांवर टेकवलेल्या शेगडीवर, आणि तेही नाशिकरोडहून आलेल्या विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत. अण्णांनी विहीणबाईंना फोनवर दोनदा सांगून ठेवलं होतं, "रविवारी या, नवं किचन दाखवतो." शब्द गेला होता. आता तो परत आणणं परवडणारं नव्हतं.

आणि मध्ये आडवी आली अमावास्या.

जगाची सुट्टी रविवारची. सातपूरच्या कारखान्यांची शनिवारची. गवंड्यांची अवसेची. त्या दिवशी थापीला हात लावायचा नाही, हे त्यांच्यात बापजाद्यांपासून चालत आलेलं. अण्णांच्या घरी कामाला असलेला बुधा मिस्त्री पेठच्या पलीकडच्या डोंगरातला. तो आणि त्याचा चुलतभाऊ मंगळू रविवार पाळत नसत, शनिवार पाळत नसत. महिनाभर खाली मान घालून काम करत आणि अवसेच्या आदल्या संध्याकाळी पिशवी उचलून गावाला जात. एक अख्खा दिवस गावाकडे. परवा सकाळी पुन्हा आठला हजर. महिन्याला सुट्टी ती एवढीच.

अण्णा हा घड्याळाचा माणूस. सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची हजेरी लावली. आठ वाजून पाच मिनिटांनी गेटवर आलेल्याला लाल खूण, सव्वाआठला आलेल्याचा अर्धा दिवस. माणूस कितीही घाम पुसत सांगू दे, अण्णा शांतपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत. भांडण नाही, आवाज नाही. लोकांच्या रजा ते इतक्या अलगद कापत, की ज्याची कापली त्याला घरी गेल्यावर लागे.

स्वतःचा शनिवार मात्र त्यांनी कधी कापू दिला नाही. मॅनेजर गाडी घेऊन दारात आला तरी शनिवारी अण्णा मिळायचे नाहीत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी शनिवार तसाच. त्या दिवशी बाजार नाही, बँक नाही, पायात चप्पल नाही. जेवण झालं की पडदे ओढून पाचपर्यंत झोप.

त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई म्हणत, "आठवड्याला सात शनिवार आहेत तुम्हाला. त्यातला हाच तेवढा कसा ओळखता हो?"

"शिस्त असते," अण्णा म्हणत आणि कुशीवर वळत.

तर मंगळवारी दुपारी बुधा म्हणाला, "अण्णा, आज सांच्याला निघतो. उद्या अवस हाय."

अण्णांची तयारी झालेलीच होती. चंद्रभागाबाई बहिणीला आमंत्रण द्यायला सकाळीच सिन्नरला गेल्या होत्या, दोन दिवस येणार नव्हत्या. घरात टोकणारं कुणी नव्हतं. त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली, चष्मा चढवला, आणि बोट ठेवलं.

"हे बघ. अमावास्या प्रारंभ, बुधवारी सकाळी अकरा पन्नास. म्हणजे उद्या पावणेबारापर्यंत अवस नाहीच मुळी. चतुर्दशी आहे. चतुर्दशीला तुम्ही काम करता ना?"

बुधाने मंगळूकडे पाहिलं. मंगळूने विडी विझवली.

"करतो," बुधा म्हणाला. "पण आमी दिवस पाळतो अण्णा. घड्याळ नाय पाळत."

"अरे, देवाचं काम नीट करावं. अवस लागल्यावर मिनिटभर थांबू नकोस, मीच थांबू देणार नाही. तोवर काय अडचण आहे? गावाला काही काम काढलंयस का?"

"काम काय नाय."

"मग?"

"काम नाय म्हणूनच सुट्टी ना अण्णा," बुधा म्हणाला. "काम असतं तर हितंच केलं असतं."

अण्णा हसले. एकतीस वर्षं असली उत्तरं त्यांनी खिडकीतून ऐकली होती. "बरं बरं. पण पावणेबारा. ठरलं."

ठरलं ते अण्णांचं. बुधा नुसता गप्प राहिला, आणि टाइम ऑफिसात गप्प राहिलेल्याची सही झाली असंच धरतात.

बुधवारी बुधाने अकरा पन्नासला थापी धुतली. अण्णांनी दिनदर्शिकेवर बुधवारच्या चौकोनात पेन्सिलीने अर्धं वर्तुळ काढलं. अर्धा दिवस जमा. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांनी ही गोष्ट दोघा मित्रांना सांगितली, आणि दोघेही "अण्णा, तुम्हीच" म्हणाले.

गुरुवारी सकाळी आठला अण्णा गेटपाशी उभे. साडेआठ झाले. नऊ झाले. दहाला त्यांनी फोन लावला, तो लागेना. अकरा वाजेपर्यंत अण्णांनी तीनदा गेट उघडून रस्ता पाहिला. बुधा आणि मंगळू आले ते बाराच्या सुमारास. कपडे कालचेच, डोळे लाल.

"अरे, ही काय वेळ झाली?"

बुधाला प्रश्नच कळला नाही. "अवस सव्वाअकराला सुटली ना अण्णा. तुमीच दाखवलं, घड्याळानं पाळायची. सुटल्यावर आलो."

तिथेच अण्णांनी वजाबाकी करायला हवी होती. बुधवारी घेतलेला अर्धा दिवस गुरुवारी परत गेला होता, खात्यात शिल्लक शून्य. पण नफ्याला सोकावलेला माणूस तोट्याची बाजू मोजायला बसत नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "बरं, आता आज ओटा बसल्याशिवाय उठायचं नाही."

चार वाजले, पाच वाजले. ग्रॅनाइट आणून टेकवलं होतं, खालचा थर पसरायचा होता. बुधा भिंतीला पाठ लावून क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, दगड उद्या सकाळी बसवू का? डोळ्याला नीट दिसंना आज."

"उद्या सिंक आहे. आज."

"सकाळी दोन तासांत होईल."

"बुधा, आज म्हणजे आज."

दगड आज बसला. दिवेलागणीला चंद्रभागाबाई सिन्नरहून आल्या तेव्हा काळाभोर ओटा चकाकत होता, आणि अण्णा त्याच्याशेजारी असे उभे होते की त्यांनीच खाणीतून काढला असावा.

नव्या ओट्यावर एक तांब्या पाणी ओतून बघायचं असतं. अण्णांना हे ठाऊक होतं. बघणारही होते. पण तो दिवस शनिवार निघाला.

रविवारी घर माणसांनी भरलं. वेदिका हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. बुधा आणि मंगळूला चंद्रभागाबाईंनी आग्रहाने जेवायला बोलावलं होतं. ते दोघे पोर्चमध्ये पानावर होते. आत विहीणबाई नवं किचन बघत होत्या आणि अण्णा दाखवत होते. तेवढ्यात कुणीतरी ओट्यावर कोथिंबिरीची जुडी धुतली.

पाणी सिंककडे गेलंच नाही. ते शांतपणे उलटं फिरलं, शेगडीखालून भिंतीशी साचलं, आणि कोपऱ्याच्या फटीतून खालच्या कप्प्यात टपटपू लागलं. त्या कप्प्यात चंद्रभागाबाईंनी ओटीचं सामान ठेवलं होतं. ओटीचे तांदूळ भिजले. खणाचा रंग तांदळाला लागला.

विहीणबाई नुसतं "अगंबाई" म्हणाल्या, आणि ते चार शब्द सुनावण्याहून वाईट होतं.

अण्णांची कानशिलं तापली. "या लोकांना काय कळतं!" ते मोठ्याने म्हणाले. "डोंगरातून उठून येतात आणि मिस्त्री म्हणवतात. समोर उभं राहिलं तरी घाण करून ठेवतात."

स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्ये उघडते. हे अण्णांना माहीत होतं, ती खिडकी त्यांनीच मोठी करून घेतली होती.

बुधा पानावरून उठला. नळावर हात धुतला, आत आला. बायका बाजूला झाल्या. त्याने पेलाभर पाणी ओट्यावर ओतलं आणि ते जाताना पाहिलं. त्याचा चेहरा असा पडला, की जणू स्वतःच्या घरात ते झालं होतं.

"दोन सूत उतार सिंककडं द्यायचा," तो चंद्रभागाबाईंना म्हणाला, "मी भिंतीकडं दिला. चूक माझी हाय माई. आत्ता दुसरीकडं काम धरलंय. गुरुवारी येतो, काढून परत बसवून देतो. मजुरी नको."

इथे अण्णांना जागा होती. एक वाक्य पुरेसं होतं. 'तो उद्या म्हणाला होता, मी आज म्हणालो.' बारा-पंधरा माणसं उभी होती, सगळी ऐकत होती. अण्णांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बघितलंत?"

बुधा परत पानावर बसला नाही. मंगळूने त्याच्या पानातली पोळी स्वतःच्या पानात घेतली, दोघांची पानं उचलली, आणि ते निघाले.

त्या रात्रीपासून अण्णांना तो शब्द सलू लागला. 'बघितलंत.' दात घासताना आठवे, पेपर वाचताना आठवे. त्यांनी स्वतःला समजावलं, चूक तर त्याचीच होती, तो स्वतः म्हणाला. पण हे समजावणं दर वेळी पहिल्यापासून करावं लागत होतं.

गुरुवारी बुधा खरोखर आला. मंगळूला घेऊन आला, दोघांनी इंचाइंचाने हलवत दगड न फुटता सोडवला. मग मंगळू दुसऱ्या कामावर गेला, दोघांनाही खाडा परवडणारा नव्हता. शुक्रवारी बुधा एकटाच. वाळलेला थर फोडत बसला. अण्णा हॉलमध्ये पेपरमागे होते. चंद्रभागाबाईंनी चहा नेला.

"बुधा, एक विचारू? इतकी घरं बांधलीस. असं कसं झालं रे तुझ्याकडून?"

"डोळा लागत होता माई." बुधा बशीत चहा ओतत म्हणाला. "आदल्या राती झोप नव्हती."

"का रे?"

"बुधवारी दुपारी हितून सुटलो. पेठहून पुढं जीप भरंना. घरी पोचायला साडेनऊ झालं. पोरं झोपली होती. सकाळी खाली यायला एकच जीप, पाचची. पोरं उठायच्या आत निघालो."

"मग गेलासच कशाला एवढ्याशा वेळाला?"

"अवसेला जातोच," बुधा म्हणाला. जणू प्रश्नच वेडा होता.

"पण अवसेचा तर आख्खा दिवस असतो तुझा."

"या खेपेला अण्णांनी घड्याळ दाखवलं ना."

पेपरमागे काही हललं नाही. चंद्रभागाबाईंनी आणखी विचारलं, आणि बुधाने सांगितलं, चतुर्दशी, अकरा पन्नास, सव्वाअकरा. 'उद्या बसवू का' हेही सांगितलं, पण ते तक्रार म्हणून नाही. पाऊस कधी पडला हे सांगावं तसं.

चंद्रभागाबाई बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि पेपरवर, अण्णांच्या नाकासमोर, ठेवली. बुधवारच्या चौकोनात पेन्सिलीचं अर्धं वर्तुळ होतं.

"एवढं शिकवा मला. हे काय जमा झालं?"

"अर्धा दिवस," अण्णा पुटपुटले.

"आणि गुरुवारी सकाळी कोण आलं होतं?"

अण्णांनी चष्मा पुसायला घेतला.

"न मागता गेला असता तो, तर बुधवार त्याचा आणि गुरुवार आख्खा तुमचा. अर्धा इथून काढलात, अर्धा तिथे घातलात. एकतीस वर्षं हेच करत होतात का हो तिथं?"

"अगं, मला वाटलं..."

"आणि रविवारी 'बघितलंत' म्हणालात. मी बघितलं बरं का. तुमच्याकडेच बघत होते."

अण्णांना जमिनीत जावंसं वाटलं, पण जमिनीत नवीन फरशी होती. ते म्हणाले, "चुकलं माझं."

"मला कशाला सांगता? मी काय दगड बसवला होता? ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा. विहीणबाईंना फोन लावा."

अण्णांनी लावला. पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, इकडून अण्णांनी तब्येत विचारली, वेदिकाचं खाणंपिणं विचारलं, नाशिकरोडला ऊन कसं आहे तेही विचारलं. मग "ठेवतो" म्हणून ठेवला. चंद्रभागाबाई समोरच उभ्या होत्या. त्या भाजी निवडायला गेल्या, पोर्चमध्ये, विटांवरच्या शेगडीपाशी.

दुसरा दिवस शनिवार.

जेवण झालं. अण्णांनी पडदे ओढले आणि आडवे झाले. आतून थापीचा आवाज येत होता. तो थांबला की अण्णा तो पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत, सुरू झाला की थांबायची. पाकिटात तीन दिवसांची मजुरी घालून त्यांनी सकाळीच बुधापुढे धरली होती. बुधा म्हणाला होता, "चुकीची मजुरी घेत नसतो अण्णा," आणि पाकीट उशीखाली परत आलं होतं. आता ते उशीखाली टोचत होतं.

शेवटी ते उठले. शनिवारी दुपारी अडीच वाजता सावळीराम अण्णा उभे असल्याचं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं.

बुधा एकटाच लेव्हल घ्यायला धडपडत होता. पाणी भरलेली पारदर्शक नळी, एक टोक भिंतीच्या या कोपऱ्याला, दुसरं त्या कोपऱ्याला. दोन्हीकडचं पाणी थरथरून एका रेषेत आलं की खूण करायची. दोन माणसांचं काम. त्याने एक टोक खिळ्याला बांधलं होतं, ते घसरत होतं.

"दे इकडे," अण्णा म्हणाले.

बुधाने त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि टोक दिलं.

अण्णा कोपऱ्यात उभे राहिले. हात वर धरून. पाणी खालीवर होत होतं.

"बुधा."

"बोला."

"तू म्हणाला होतास, उद्या बसवू. मी ऐकलं नाही."

"हां."

"रविवारी ते सांगायला पाहिजे होतं मी. लोकांसमोर."

बुधा पेन्सिल कानावरून काढत होता. "उतार मीच दिला ना पण."

"तरी."

"अण्णा, हात हलवू नका," बुधा म्हणाला. "पाणी थांबंना."

अण्णांनी श्वास धरला. पाणी थांबलं. बुधाने त्याच्या बाजूला खूण केली, मग येऊन अण्णांच्या बाजूला केली. अण्णांच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण खाली घ्यावा की नाही हे विचारायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते तसेच उभे राहिले. संध्याकाळी मंगळू आला, दोघांनी दगड उचलून टेकवला. बुधाने तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सिंककडे गेलं, घाई न करता, जावं तसं.

हत्यारं पिशवीत भरताना बुधाने विचारलं, "अण्णा, पुढची अवस कधी हो? एका दिवसातच हाय, का या खेपेसारखी दोन दिवसांत?"

अण्णा दिनदर्शिकेपाशी गेले. पान उलटलं. तिथे स्वच्छ छापलं होतं: प्रारंभ गुरुवारी सकाळी, समाप्ती शुक्रवारी सकाळी. त्यांनी चष्मा काढला.

"एका दिवसात," ते म्हणाले. "गुरुवार. आख्खा गुरुवार."

"बरं झालं," बुधा म्हणाला. "बुधवारी सांच्यालाच निघतो मग."

हिशेब असा मिटला. अण्णांनी बुधवारी अर्धा दिवस घेतला, गुरुवारी तो परत गेला, मिळालं शून्य. त्यांनी भरलं ते शनिवारच्या झोपेचे अडीच तास, आणि एक माफी, तीही घरातल्या घरात, बिनसाक्षीची. नाशिकरोडला अजून बुधाच नालायक आहे. चंद्रभागाबाईंनी भरले पोर्चमधले आणखी सहा दिवस. बुधाने भरली एक अवस आणि कामाचे तीन दिवस. आणि डोंगरात दोन पोरांनी भरला एक बाप, जो रात्री येऊन गेला असं त्यांना सकाळी उठल्यावर सांगण्यात आलं.